कॉलेज बघायला जाताय ना, मग पोरीला पुढे चालू द्या

उदगीरहून एका आईचं पत्र आलंय, जरा लांब आहे, मी थोडं कमी करून देतेय:

"ताई, माझ्या मुलीला यंदा सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) ९३ पर्सेंटाईल आलेत. तिला कंप्युटर इंजिनिअरिंग घ्यायचंय आणि पुण्यातच जायचं असं घरात ठरल्यासारखं झालंय. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, खरिपाचे दिवस, दुकान एकच दिवस बंद ठेवता येतं, म्हणून ह्यांनी एका दिवसात पाच कॉलेजं बघायची असं ठरवलंय. दीर सिंहगड रोडला राहतात, ते गाडीतून फिरवणारेत. सीओईपी (पुण्यातलं जुनं, नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज) पण दाखवू, बघू दे तिला काय हुकलं ते, असं पण हे म्हणतायत. मागच्या महिन्यात लातूरला एक कॉलेज बघायला गेलो होतो, तिथं सगळं हेच बोलत होते, लेकरू मागं मोबाईल घेऊन. बाहेर आल्यावर विचारलं आवडलं का, तर म्हणाली ठीक आहे. त्यावरून भर रस्त्यात वाद झाला आणि घरी येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. आता म्हणते मला कुठंच यायचं नाही, यूट्यूबवर सगळं बघितलंय. मी बारावी झालेली, मला तिथं जाऊन काय बघायचं तेच कळत नाही. आम्ही ओबीसीत येतो, नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे. न्यावं का तिला? आणि ह्यांना कसं सांगू?"

ताई, न्या तिला. नक्की न्या. यूट्यूबवर दिसतं ते बहुतेक कॉलेजनेच करून घेतलेलं असतं, वरून ड्रोन फिरतो, हिरवंगार लॉन, काचेची बिल्डिंग, कन्व्होकेशनच्या टोप्या हवेत. तिला तिथे चार वर्षं राहायचंय, तिथलं पाणी प्यायचंय, प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी तिथून रूमवर यायचंय, आणि हे व्हिडिओत नसतं. मी बरीच वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलंय आणि ॲडमिशनच्या सीझनला टेबल मांडून पालकांसमोर बसलेय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दाखवलं जातं आणि काय दाखवायचं राहून जातं ते मला चांगलं माहितीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पण पाच कॉलेजं एका दिवसात, हे मात्र करू नका. पुण्याचा नकाशा जरा डोळ्यासमोर आणा, आकुर्डी-निगडी एका टोकाला, कात्रज-धनकवडी दुसऱ्या टोकाला, वाघोली तिसरीकडेच, आणि मधे पुण्याचं ट्रॅफिक, त्यात पाऊस. अर्धा दिवस गाडीतच जाईल, प्रत्येक कॉलेजला वीस मिनिटं मिळतील, त्यातली दहा पार्किंग आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये, आणि संध्याकाळी पाचही कॉलेजं डोक्यात एक होतील, कुठल्या कॉलेजची लायब्ररी कुठली तेही आठवणार नाही. दोन बघा, फार तर तीन. सकाळी एक, जेवून दुपारी एक. तिसरं असेल तर त्यासाठी दुसरा दिवस, आणि दुकान बंद ठेवणं जमत नसेल तर त्या दिवशी तुम्ही दोघी मायलेकी थांबा आणि मिस्टर रात्रीच्या गाडीने परत जाऊ देत, यात काही बिघडत नाही.

दोन-तीनच का, तर त्याला कॅपचं, म्हणजे सरकारी पद्धतीने राऊंडवार होणाऱ्या ॲडमिशनचं, पण कारण आहे. ऑप्शन फॉर्मात कॉलेजं भरपूर टाकता येतात, पण खरा जोर वरच्या पाच-सहा नावांवर असतो. २०२५ पासून कॅपचे चार राऊंड असतात आणि नियम असा आलाय की पहिल्या राऊंडला तुमची पहिली पसंती मिळाली तर ती सीट घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या राऊंडला जाता येत नाही. दुसऱ्या राऊंडला हेच पहिल्या तीन पसंत्यांना लागू, तिसऱ्याला पहिल्या सहांना. म्हणजे वरती नाव टाकताना "बघू, मिळालं तर मिळालं" असं चालत नाही, जे टाकलंय तिथे जायची तयारी पाहिजे. त्यामुळे प्रत्यक्ष बघायची ती ही वरची कॉलेजं, खालच्या नावांसाठी फोनवर चौकशी पुरते. यंदाचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या साईटवर येईल ते मात्र नीट वाचून घ्या, दरवर्षी त्यात काही ना काही बदल असतात.

आणि ही दोन-तीन नावं कुणी काढायची? तिने. सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक राऊंडचे कटऑफ असतात, कॉलेजप्रमाणे, ब्रँचप्रमाणे, कॅटेगरीप्रमाणे. मोठी पीडीएफ असते, बघून घाबरायला होतं, पण या वयाच्या मुलांना ती उघडून शोधणं आपल्यापेक्षा चांगलं जमतं. तिला म्हणा तू बस आणि ९३ ला ओबीसीमधून, मुलींच्या जागांमधून कुठे कुठे कंप्युटर, आयटी, एआयडीएस (एआय आणि डेटा सायन्स), ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळू शकतं ती यादी काढ, आम्ही त्यातलीच बघायला नेतो. लातूरला जाताना कॉलेज कुणी ठरवलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीये पण मला वाटतं तिने नसणार. स्वतः यादी काढलेलं पोर "मला कुठंच यायचं नाही" असं सहसा म्हणत नाही, कारण आपण शोधलेली जागा खरंच कशी आहे हे बघायची उत्सुकता असतेच.

यादीत एक नाव माझ्याकडून टाका, नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज, विष्णुपुरीचं. १९८१ चं कॉलेज आहे, ऑटोनॉमस, मोठा कॅम्पस, आणि उदगीरहून पुण्याच्या मानाने खूपच जवळ. ९३ ला तिथे कंप्युटर कठीण आहे, पण दुसऱ्या ब्रँचला बघायला हरकत नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंग म्हटलं की पुणेच, असं झालंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, घराजवळचं चांगलं कॉलेज न बघताच यादीतून कटतं. बघून नको वाटलं तर नको, पण बघा तरी.

आता सीओईपीचं. १८५४ सालचं कॉलेज, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालंय, जुन्या दगडी इमारती, नदीकाठचा बोट क्लब, बघण्यासारखं आहेच, प्रश्नच नाही, आणि शिवाजीनगर मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. पण ओपनचा विचार केला तर तिथल्या कंप्युटरचा कटऑफ ९९ च्याही वर असतो. "बघू दे काय हुकलं ते" म्हणून नेणार असाल तर कृपा करून नेऊ नका. ९३ म्हणजे जेवढ्यांनी परीक्षा दिली त्यातल्या शंभरातल्या त्र्याण्णवांच्या बरोबरीने किंवा पुढे आहे ती, उदगीरसारख्या गावातून, तिने दोन वर्षं घासलीयत, त्या गेटसमोर उभं करून तिला कमी लेखलंत तर पुढचं कुठलंही कॉलेज तिला दुय्यमच वाटणार, आणि ज्या कॉलेजात ती प्रत्यक्ष जाणारे तिथे पहिल्याच दिवशी मान खाली घालून जाईल. फिरायला म्हणून बघायचंच असेल तर ॲडमिशन पक्की झाल्यावर बघा. एमटेकला तिथे जाता येतंच, त्यासाठी गेट (GATE) नावाची परीक्षा असते, हे तिला माहीत असलं म्हणजे झालं.

लातूरला जे झालं त्याबद्दल. मला ते चित्र अगदी दिसतंय कारण टेबलाच्या पलीकडे बसून मी ते पुष्कळदा बघितलंय. वडील पुढे खुर्चीवर, आई शेजारी, मुलगी मागे उभी, आणि समोरचा माणूस सगळं वडिलांशीच बोलतो, फी एवढी, प्लेसमेंट एवढं, हॉस्टेलला सीसीटीव्ही आहे काळजी नको. मुलीचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. अगदी बघायच्या कार्यक्रमासारखं होतं ते, मोठी माणसं बोलतात आणि जिचं आयुष्य आहे ती गप्प बसते आणि शेवटी तिला विचारतात, मग, पसंत आहे ना? तिथे "ठीक आहे" शिवाय दुसरं काय उत्तर येणार सांगा. तिने काही बघितलंच नव्हतं ताई, तिला बघू दिलंच नव्हतं. मोबाईलमध्ये डोकं घातलं कारण तिथे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्यामुळे या वेळी क्रम उलटा करा. गेटवर नाव तिने सांगायचं, रजिस्टरमध्ये सही तिने करायची, टेबलासमोरच्या खुर्चीवर ती बसणार आणि पहिले दोन-तीन प्रश्न ती विचारणार. ते आधी घरी तिने लिहून ठेवू देत, तुम्ही सुचवू नका, फार तर लिहिलेत का एवढं विचारा. समोरचा माणूस सवयीने मिस्टरांकडे बघून उत्तर देईल, तेव्हा त्यांनी फक्त लेकीकडे बघायचं, की तो पण तिकडे वळतो. एवढी छोटी गोष्ट आहे पण करून बघा.

पैशाचे आणि कागदाचे प्रश्न मात्र तुम्हा दोघांचे, ते तिच्यावर टाकू नका. यासाठी काउन्सेलिंगच्या टेबलावर न थांबता स्टुडंट सेक्शनला जा, म्हणजे जिथे स्कॉलरशिपचं काम बघणारा क्लार्क बसतो. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीतल्या मुली, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, कॅपमधून ॲडमिशन, तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. तुम्ही यात बसता असं पत्रावरून दिसतंय. पण माफ म्हणजे काहीच भरायचं नाही असं धरू नका, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, कॉलेजची बस, डिपॉझिट हे वेगळं, ते किती आणि कधी भरायचं ते क्लार्कला सरळ विचारा आणि कागदावर लिहून घ्या. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर असते, ती घरून बघून गेलात तर तिथे सांगतात ती रक्कम ताडून बघता येईल. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांमधून, ॲडमिशन घेतली तर ही माफी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण कॅम्पसमध्ये आणि कॅम्पसच्या बाहेर चहाच्या टपरीवर सुद्धा कुणीतरी भेटेल जो म्हणेल की कशाला राऊंडची वाट बघता, आज टोकन भरा, कंप्युटरची सीट पक्की करतो. नाही म्हणायचं आणि निघायचं. कॅपिटेशन फी, म्हणजे सीटसाठी मंजूर फीच्या वर घेतलेले पैसे, घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. मूळ कागद पण कुणाकडे ठेवायचे नाहीत, मार्कशीट असो की टीसी, दाखवायचे आणि तपासून झाले की परत घ्यायचे, ठेवून घ्यायचा अधिकार कॉलेजला नाही. या फेरीला तर झेरॉक्सच न्या, ओरिजिनल उदगीरला कपाटात राहू देत. आणि जात पडताळणीचं काय झालंय? पत्रात नॉन-क्रिमीलेअरचा उल्लेख आहे पण व्हॅलिडिटीचा नाही, ती अजून हातात नसेल तर कॉलेज बघायच्या आधी त्याच्या मागे लागा, ओबीसीतून जायचं तर ती लागतेच.

तुम्ही दोघं हे करत असताना तिला तासभर एकटीला सोडा. खरंच सोडा, "इथंच थांब, लांब जाऊ नको" असं न सांगता. दिवसाउजेडी कॉलेजच्या आवारात काही होत नाही, आणि दोन महिन्यांनी ती तिथे एकटीच असणार आहे. त्या तासात तिने काय बघायचं ते तुम्ही विचारलंय, ते खरं तर तिच्यासाठी लिहितेय, तिला हा भाग वाचायला द्या.

आपल्या ब्रँचच्या डिपार्टमेंटला जा, मेन बिल्डिंगच्या लॉबीत रमू नको. लॅबच्या दारात उभी राहा आणि पीसी किती आणि चालू किती ते बघ, एका बॅचला किती मुलं असतात ते लॅब असिस्टंटला विचार, हा माणूस सगळ्यात खरं बोलतो, त्याला जाहिरात करायची नसते. कंप्युटरबद्दल हे मुद्दाम सांगते कारण २०२४ पासून एआयसीटीईने (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांना एका ब्रँचमध्ये किती जागा घ्यायच्या यावरची वरची मर्यादा काढली, त्यानंतर काही ठिकाणी कंप्युटर आणि त्याच्या आयटी, एआयडीएससारख्या भावंड-ब्रँचेस मिळून खूप डिव्हिजन झाल्यात, आणि जागा वाढल्या तशा लॅब आणि शिक्षक वाढले का हे तिथे उभं राहूनच कळतं. एआयसीटीईचा हिशोब वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. कॉलेजच्या साईटवर मँडेटरी डिस्क्लोजर नावाचं एक पान असतं, त्यात शिक्षकांची नावं, शिक्षण, अनुभव सगळं असतं, ती यादी आणि डिपार्टमेंटच्या केबिनवरच्या पाट्या जुळतात का बघ.

मग नोटीस बोर्ड. गेटवर फ्लेक्स लागलेला असतो, अमुक लाखांचं पॅकेज आणि एका मुलाचा हसरा फोटो, त्याच्याकडे बघून काही ठरवू नको, तो एक मुलगा आहे. डिपार्टमेंटचा बोर्ड बघ, तिथल्या नोटिसा ताज्या आहेत का, इंटर्नशिपच्या, कंपनी येणार असल्याच्या, प्रोजेक्टच्या तारखा. आणि प्लेसमेंटबद्दल विचारायचं तर हायेस्ट विचारू नको, ॲव्हरेजही नको, मीडियन विचार, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर मधल्याला किती मिळाले, आणि हे तुझ्या ब्रँचचं वेगळं सांगा म्हण. जी कॉलेजं केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेतात त्यांना त्यासाठी दिलेली माहिती स्वतःच्या साईटवर ठेवावी लागते, त्या पीडीएफमध्ये किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार किती, किती पुढे शिकायला गेली, हे वर्षाप्रमाणे असतं. फ्लेक्सवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघ, तुझं तुलाच कळेल. एनबीएबद्दल पण विचार, नॅक आणि एनबीए ही दोन्ही दर्जाची मान्यता, पण नॅक हे अख्ख्या कॉलेजचं असतं आणि एनबीए ब्रँचप्रमाणे असतं, मेकॅनिकलला असलं म्हणजे कंप्युटरला असेलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेकंड, थर्ड इयरच्या एखाद्या मुलीशी बोल. कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये, कुठेही. ओळख नसली तरी चालतं, "मी उदगीरहून आलेय, इथे ॲडमिशनचा विचार करतेय" एवढं म्हणालीस की मुली बोलतात, लातूर-नांदेडकडची कुणी असेल तर स्वतःहून शोधून आणतात, मराठवाड्यातली मुलं नाहीत असं पुण्यात इंजिनिअरिंगचं कॉलेज मिळणं अवघड आहे. तिला विचार, एखादा विषय राहिला तर सर परत शिकवतात का, हॉस्टेलला रात्री किती वाजता गेट बंद होतं, लायब्ररी परीक्षेच्या दिवसात किती वाजेपर्यंत उघडी असते, पाणी येतं का, मेसचं जेवण जातं का घशाखाली, मुलींचे टॉयलेट कसे आहेत, ते तर स्वतः जाऊनच बघ, मी इतकी वर्षं या क्षेत्रात काढून सांगते की मुलींच्या टॉयलेटवरून कॉलेजची व्यवस्था कशी आहे ते फार लवकर कळतं. आणि शेवटी, तुला परत निवडायला सांगितलं तर इथेच येशील का, हे विचार आणि ती बोलायच्या आधी किती वेळ थांबते ते बघ.

इथे ताई परत तुमच्याशी बोलते. मला एक शंका आहे, चुकीची असली तर सोडून द्या. "मला कुठंच यायचं नाही" याच्या मागे कंटाळा नसून भीती असू शकते. पुण्याच्या पोरी फाडफाड इंग्रजी बोलतात, कपडे वेगळे, वागणं मोकळं, आणि आपलं "मला येतंय की" ऐकून कुणीतरी हसेल, हे त्या वयात फार टोचतं आणि घरी सांगता येत नाही, कारण सांगितलं की आपण लगेच म्हणतो "त्यात काय एवढं". तिला थेट विचारू नका. मराठवाड्याच्या सीनियर मुलीशी बोलायला मी सांगतेय ते यासाठीच, आपल्यासारखंच बोलणारी एक मुलगी तिथे थर्ड इयरला आहे आणि हसतेय खिदळतेय, हे बघून जे होतं ते आपल्या शंभर वाक्यांनी होत नाही. लेक्चर इंग्रजीत असतं, पहिले दोन-तीन महिने जड जातं, मग जमतं, माझ्या वर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुली पुढे सेमिनार देताना मी बघितल्यात. निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने तर २०२१ मध्ये कंप्युटरची मराठीतून शिकवणारी तुकडी सुरू केली होती. ती तिने घ्यावी असं मी म्हणत नाहीये, पण पर्याय असतात हे तिच्या कानावर असू दे.

जायचं ते वर्किंग डेला, रविवारी नको, शनिवारी पण बऱ्याच लॅब बंद असतात. आदल्या दिवशी कॉलेजला फोन करून विचारा की डिपार्टमेंट बघायला मिळेल का, कारण या दिवसात कुठे परीक्षा चालू असतात कुठे सुट्टी, आणि रिकामं कॉलेज बघून काही कळत नाही. हॉस्टेल आतून बघायची परवानगी तुम्हाला आणि तिला मिळेल, मिस्टरांना बहुतेक बाहेरच थांबावं लागेल, त्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे चिडचिड. हॉस्टेल कॅम्पसमध्येच आहे की बाहेर, फर्स्ट इयरच्या किती मुलींना मिळतं आणि कशावर मिळतं, हे रेक्टरकडूनच विचारा, ऑफिसात "मिळेल, मिळेल" म्हणतात. नाही मिळालं तर जवळपास मुलींसाठी पीजी कुठे आहेत ती गल्ली एकदा पायी फिरा, संध्याकाळी सहानंतर. रॅगिंगची धास्ती असेल तर देशभराचा हेल्पलाईन नंबर १८००-१८०-५५२२ तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, आणि कॉलेजात अँटी रॅगिंग कमिटीचा बोर्ड नावं-नंबरांसकट लागलाय का तेवढं बघा.

बाहेर पडल्यावर गाडीत "मग, कसं वाटलं" हे विचारायचं नाही. तुम्ही पण नाही, मिस्टरांनी पण नाही, दिरांनी तर नाहीच. जेवा, भजी खा, दुसरं काही बोला. रात्री तिघांनी वेगवेगळ्या कागदावर आपापला क्रम लिहायचा आणि प्रत्येक नावापुढे एक कारण, मग कागद एकत्र ठेवायचे. तुमचं आणि मिस्टरांचं कारण पैसा, अंतर, सुरक्षितता असणार, तिचं वेगळंच काहीतरी असेल, कदाचित तुम्हाला फालतू वाटेल, म्हणजे लायब्ररीत खिडकीशेजारी बसायला जागा आहे किंवा ती सीनियर आवडली. हसू नका. चार वर्षं कुठल्या जागी मन लागेल हे अशाच गोष्टींवरून ठरतं. तिन्ही कागद जुळले तर प्रश्नच मिटला, नाही जुळले तर फीचा फरक झेपण्यासारखा असेल तोवर तिचा क्रम वर ठेवा, आणि झेपण्यासारखा नसेल तर तिला आकड्यांसकट सरळ सांगा की एवढे आपल्याकडे आहेत आणि एवढे नाहीत. पोरांना पैशाचं सांगितलेलं कळतं, लपवलेलं आणि मग दुसऱ्याच कारणाने नाकारलेलं कळत नाही.

मिस्टरांना कसं सांगायचं? तुम्ही चूक करताय असं म्हणून नको. लातूरला ते बोलत होते ते काळजीनेच, दुकान बंद ठेवून पोरीसाठी गावोगाव फिरायला तयार असलेला बाप आहे, हे तिलाही एकदा ऐकवा. त्यांना काम वाटून द्या, पैसे आणि कागद पूर्ण त्यांच्याकडे, क्लार्क गुंडाळायला लागला तर त्याला धरून नीट माहिती काढणं हे दुकानदार माणसाला आपल्यापेक्षा जास्त जमतं. आणि लेकीला स्वतः म्हणू देत, "पप्पा, फीचं तुम्ही बघा, डिपार्टमेंटचं मी बघते." हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं तर टोमणा वाटेल, तिच्या तोंडून गेलं तर नाही वाटणार.

दिरांच्या गाडीचं. त्यांना नाही म्हणू नका, वाईट वाटेल आणि पुण्यात ते तिच्या जवळचे एकटेच आहेत, पुढे आजारपणात, सणावाराला तेच लागणार. पण एक फेरी तरी बसने किंवा मेट्रोने करा, सिंहगड रोडवरून स्वारगेट, तिथून कॉलेज, जशी ती करणारे तशी, आणि तिकीट तिलाच काढू दे. संध्याकाळी घ्यायला दिरांना बोलवा. व्हॅलिडिटीचं काय झालं ते मला कळवा, ते अडलेलं असेल तर पुढच्या अंकात त्यावरच लिहीन, तुमच्यासारखी बरीच पत्रं आलीयत.